खोलता येते तोवर

जुनी जीप मजबूत असते, हा समज सिल्वासात जितका पक्का आहे तितकी त्या जीपची चेसिस बहुधा नसते. दमणगंगेच्या या खोऱ्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चार महिने पाणी लोखंडाला चाटत बसतं. चेसिसच्या लांब दांड्या काही ठिकाणी आतून पोकळ. पाणी निथळावं म्हणून ठेवलेली भोकं चिखलाने बुजली की गंज आतून पोसला जातो आणि बाहेर रंग मात्र तुकतुकीत राहतो. म्हणून जाणता मिस्त्री डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही. बाजारात मडकं घेताना बाई टिचकी मारून बघते, तसा तो हातोडीने हलकेच ठोकत जातो. शाबूत पत्रा टणकन बोलतो, कुजलेला भद्द वाजून गप्प होतो. खानवेल, मांदोनीकडच्या चढांवर जुन्या महिंद्रा अजून दिसतात, त्या काही गंजल्या नाहीत म्हणून नव्हे. त्या खोलता येतात म्हणून टिकल्या, एवढंच माझं म्हणणं आहे. ‘खोलणे’ हा गॅरेजचा शब्द. डबा उघडतात, दार उघडतात, पण गाडी खोलतात; आणि या क्रियापदात ती पुन्हा जोडली जाईल याची हमी गृहीत असते.

हा गुण तिच्या कुळातला आहे. दुसऱ्या महायुद्धात विलीस जीप घडली ती आघाडीवरच्या सैनिकाला चार पाने हाताशी घेऊन दुरुस्त करता यावी अशी. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत तिची जुळणी सुरू केली, पुढे सीजे-३बी आली, आणि १९८० च्या दशकात प्यूजो वंशाचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन घेऊन एमएम ५४०. या एमएम ५४० मध्ये डिझेल किती सोडायचं, केव्हा सोडायचं हे ठरवायला संगणक नाही, फिरणारा पंप आहे. टाकी कोरडी पडली की लाइनमध्ये ‘एअर’ धरते. नट सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून सलग धार आली की नट कसायचा. बिघाड नजरेला दिसतो, बोटाला लागतो, आणि त्याचं जाणंही तसंच दिसतं.

पण सगळंच असं दिसत नाही. त्याचा बोलका दाखला ओढ्यातला आहे. साकरतोडसारख्या नदीत किंवा पावसाळी ओहोळात गाडी घातली की डांबरावर धावून तापलेलं डिफरन्शियलचं घर एकदम गार पाण्यात बुडतं. आतली हवा आकसते, आणि बाहेरून हवा घेण्याची नळी तुंबलेली असेल तर ती सीलच्या कडेने पाणीच आत ओढते. पैलतीरावर पोचलेल्या गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. आवाज नाही, वास नाही, दिवा नाही. काही आठवड्यांनी बेअरिंग रडू लागतं. उपाय काय, तर पाण्यातून आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी खालचा नट हलकेच सैल करावा. पाणी तेलाहून जड, म्हणून आधी तेच टपकतं. पण पाण्यातून आल्यावर गाडी चालवली असेल तर तेल चहात दूध पडल्यासारखं होऊन येतं. मग सगळं काढून नवं भरायचं. खर्च थोडा, वेळ तासाभराचा. जुन्या गाडीची देखभाल म्हणजे बहुतेक वेळा असं न बिघडलेलं तपासणं. ग्रीस गन निप्पलला लावली की आधी काळं, वाळू मिसळलेलं ग्रीस बाहेर येतं आणि मग स्वच्छ. ते स्वच्छ दिसेपर्यंत दाबत राहण्याचा कंटाळा ज्याला येतो त्याने ही गाडी घेऊ नये.

यावर कोणी म्हणेल, नव्या गाडीला निप्पलच नसतात, ग्रीस जन्मभरासाठी आत बंद केलेलं असतं, हा कटकटीपासूनचा मोक्ष नव्हे का? आहे, बऱ्याच अंशी आहे. नवी गाडी क्वचित बंद पडते हे नाकारण्यात अर्थ नाही. फक्त ‘जन्मभर’ म्हणजे कोणाचा जन्म, हे विचारावं. तो त्या सांध्याचा असतो. सांधा गेला की दुरुस्ती नाही, अख्खा भाग बदलायचा, आणि भाग येणं बंद झालं की गाडीच संपली. जुन्या जीपचं तसं होत नाही, याला सिल्वासाचा एक खास आधार आहे. पिपरियात १९६५ साली औद्योगिक वसाहत उभी राहिली, मग मसाट, खडोली. कारखान्यांच्या मागोमाग लेथवाले आले, वेल्डिंगवाले आले, बेअरिंग आणि ऑइल सीलची दुकानं आली. बेअरिंगवर कोरलेला आकडा जगभर तोच. आपण सुताच्या यंत्रात फिरतोय की जीपच्या चाकात, हे बेअरिंगला ठाऊक नसतं. पितळेचा बूश कंपनीत मिळेना तर लेथवर कातून मिळतो. पॉलिएस्टर धाग्याच्या या गावाने नकळत जुन्या जीपचं वाणसामान भरून ठेवलं आहे.

धुराचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याला ‘नवी गाडी बनवतानाही प्रदूषण होतंच’ हे ठरावीक उत्तर देऊन सुटका होत नाही. ते उत्तर महिन्यातून चार वेळा निघणाऱ्या जीपला लागू पडेल, रोज सिल्वासा-वापी करणाऱ्या जीपला नाही. नोझल साफ आणि पंप नीट लावलेला असला तर काळा धूर घटतो, पण जुनं इंजिन नव्याइतकं स्वच्छ कधीच होत नाही. सुरक्षेचंही तेच. एअरबॅग नाही, एबीएस नाही, ओले ड्रम ब्रेक पाण्यातून निघाल्यावर काही क्षण धरतच नाहीत. कंटेनरच्या रांगेत तिला दामटणं हा शौक नव्हे, अविचार आहे. माझा युक्तिवाद तिच्या कच्च्या वाटांपुरता, तिच्या चालीपुरता. तेवढ्या मर्यादेत तो पुरेसा भक्कम वाटतो.

उरतो तो चावट प्रश्न: इंजिन उतरवून नवं बांधलं, पाटे बदलले, पत्रा नवा ठोकला, मग जुनं राहिलं काय? इथल्या वारली घरांना हे कोणी विचारत नाही. कारवीच्या कुडाला माती-शेणाचा गिलावा पुन्हा पुन्हा चढतो, कुजलेल्या काठ्या बदलतात, छप्पर नव्याने शाकारलं जातं, तरी घर आजोबांचंच असतं. आरटीओ याबाबतीत कुडापेक्षा काटेकोर. १५ वर्षांनंतर नोंदणी ५ वर्षांसाठी नूतन होते, तिचं शुल्क १ एप्रिल २०२२ ला चारचाकीला ६०० वरून ५००० रुपयांवर गेलं होतं. सरकारी गाड्यांना तर १५ वर्षांनंतर ती वाटच बंद. नोंदणीसाठी चेसिस क्रमांकाचा ठसा लागतो; डीएन ०९ या इथल्या पाटीची गाडी मग तारेच्या ब्रशाने घासली जाते. सगळी नव्हे, चेसिसवर आकडे कोरलेली वीतभर जागा. गंजाचा भुगा फुंकून कागद धरतात, त्यावर आडवी शिसपेन्सिल फिरवतात, आणि राखाडी पट्ट्यातून एकेक आकडा पांढरा वर येतो.