दीर, सून आणि दगडी पूल

चाळिशी उलटलेल्या माणसानं पाठीवर पिशवी टाकून परमुलुखात हिंडू नये, असं शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही. पण आमच्या घरात तो कायदा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आग्नेय युरोपात जायचा बेत मी जाहीर केला, तेव्हा सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न विचारला, "तिथं आपलं कोण आहे?" कोणीच नव्हतं. दुसरा प्रश्न, "बरोबर कोण?" इंजिनिअर, असं सांगितल्यावर मात्र त्यांनी मुकाट्यानं चिवड्याचे डबे भरायला घेतले.

इंजिनिअर म्हणजे माझा कॉलेजातला मित्र. वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही चार वर्षं काढलेली. तो सरकारी खात्यात पूल बांधतो, मी कॉलेजात मराठी शिकवतो. दोघेही एक काठ दुसऱ्या काठाला जोडायचा धंदा करतो, असं मी कौतुकानं म्हणत असे. त्यावर तो म्हणे, "माझा पूल पडला तर चौकशी होते. तुझी होते का?" माझी चौकशी बोस्नियात झाली. तीच हकिकत सांगायची आहे.

बेलग्रेडहून बसनं आम्ही व्हिशेग्राडला उतरलो. द्रिना नदीवरचा इथला अकरा कमानींचा पूल १५७७ साली पुरा झाला. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा अर्धशतकाहून अधिक अवकाश होता. बांधणारा मिमार सिनान, तुर्की सुलतानांचा स्थपती. बांधवून घेणारा मेहमेद पाशा सोकोलोविच, याच मुलुखात जन्मलेला आणि लहानपणी सुलतानाच्या चाकरीत नेलेला वजीर. इव्हो आंद्रिचनं या पुलालाच नायक करून लिहिलेली कादंबरी १९४५ साली निघाली आणि १९६१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. पुलाच्या मध्यावर गप्पांसाठी दगडी बैठक आहे. तिला 'सोफा' म्हणतात. मी सोफ्यावर बसून आंद्रिचचा विचार करीत होतो आणि इंजिनिअर वाकून खालचे खांब न्याहाळीत होता. याच पुलावर १९९२ साली माणसं मारून नदीत टाकली गेली, आणि मारणाऱ्यांत त्यांचे शेजारीही होते, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. त्याविषयी आम्ही बोललो नाही. चिवड्याचा डबाही तिथं उघडला नाही.

तिथून सारायेव्हो. हे नावच आपल्या 'सराई'चं भावंड. जुन्या बाजारपेठेत तांब्याच्या भांड्यांवर पडणारे ठोके ऐकले आणि पुण्याच्या तांबट आळीत आल्यासारखं वाटलं. कान देऊन ऐकावं तर दुकानाला 'दुचान', पाहुण्याला 'मुसाफिर' आणि शत्रूला 'दुश्मानिन'! तिकडं तुर्कांनी नेलेले आणि इकडं फार्सीनं आणलेले हे शब्द. मराठीच्या मास्तराला आणखी काय हवं? इंजिनिअर म्हणाला, "तू फिरायला आलायस की तोंडी परीक्षा घ्यायला?"

आम्ही एका आजीबाईंच्या घरी खोली घेतली होती. संध्याकाळी त्यांनी कॉफी मांडली: तांब्याचं लांब दांड्याचं भांडं, साखरेचे खडे आणि 'फिल्जान' नावाचे बिनकानाचे चिमुकले पेले. तिथं कॉफी पिऊन टाकायची नसते, तिच्या सोबतीनं बसायचं असतं. इंग्रजी जाणणाऱ्या एका तरुण बाईंना पुढं करून आजीबाई म्हणाल्या, "ही माझी स्नाहा."

मी खुर्चीतून उठलोच. स्नाहा! म्हणजे संस्कृतातली स्नुषा, आपली सून! मग मी विचारीतच सुटलो. नवऱ्याचा भाऊ? 'द्येव्हेर.' म्हणजे देवर, आपला दीर. नवऱ्याची आई? 'स्वेकर्वा.' म्हणजे श्वश्रू, आपली सासू. हे शब्द तुर्कांनी नेलेले नव्हेत. स्लाव्ह भाषा आणि संस्कृत या एकाच आजीच्या नाती, तेव्हापासूनचा हा वारसा. सासू-सुनेचं नातं लिखित इतिहासाहूनही जुनं आहे असं मी सांगितलं, तेव्हा सूनबाईंनी सासूकडं पाहून जो उसासा टाकला तो निव्वळ मराठी होता.

मग त्यांनी कपाटातून सिगारेटचं एक जुनं रिकामं पाकीट काढून दाखवलं. धूम्रपान जीव घेतं, ही सूचना त्यावर तीनदा छापली होती: बोस्नियन, क्रोएशियन आणि सर्बियन भाषांसाठी. पहिल्या दोन ओळी अक्षर न् अक्षर सारख्या. तिसरीही तीच, फक्त सिरिलिक लिपीत. "एकमेकांचं सगळं समजतं आम्हांला," सूनबाई म्हणाल्या, "तरीसुद्धा." पुढं त्या बोलल्या नाहीत. १९९२ ते १९९६ या शहराला वेढा पडला होता. तोफगोळ्यांनी रस्त्याला पडलेल्या कित्येक खळग्यांत लाल राळ भरली आहे, लोक त्यांना 'गुलाब' म्हणतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक होता.

आजीबाईंनी विषय बदलला. तुम्हांला भाऊ किती? मी म्हटलं, दोन. इंजिनिअर म्हणाला, "मला भाऊ नाही."

माझा फिल्जान हातातच राहिला. इंजिनिअरला धाकटा भाऊ आहे. त्याच घरात, खालच्या मजल्यावर. वडिलार्जित घराच्या वाटणीत जिना कोणाचा यावरून बिनसलं आणि सात वर्षं दोघांत बोलणं नाही. त्या वेळी इंजिनिअर माझ्याकडं आला होता. "मला लिहिता येत नाही, तू लिहून दे." मी लिहून दिलं. चांगली दोन पानं, एकेक वाक्य घासूनपुसून. शेवटचं वाक्य होतं: 'यापुढे मला भाऊ नाही असे मी समजतो.' ते सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो, हे आज कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिल्याच्का नदीकाठी गेलो. १८९६ साली पुरी झालेली नगरपालिकेची देखणी इमारत तिथं आहे. पुढं तिच्यात राष्ट्रीय ग्रंथालय आलं. १९९२च्या ऑगस्टात तोफांच्या माऱ्यानं ती पेटली आणि लाखो ग्रंथ जळाले. डागडुजी होऊन ती उघडली २०१४ साली. नदीपलीकडं एक टुमदार घर आहे, 'इनात कुचा'. इनात म्हणजे हट्ट, मोडेन पण वाकणार नाही या जातीचा. नगरपालिकेला जागा हवी होती आणि घरमालक हलेना. अखेर थैलीभर मोहरा आणि घर विटेनविट उचलून पलीकडं बांधून द्यायचं, या अटीवर तो राजी झाला, असं सांगतात. आता तिथं खानावळ आहे.

इंजिनिअर पोटभर हसला. "आमच्या जिन्याचं असं करायला हवं होतं!"

मी धीर करून विचारलं, "काल भाऊ नाही असं का म्हणालास?"

"मी कुठं म्हणालो?" तो म्हणाला. "वाक्य तुझं आहे."

मोस्तारपर्यंतच्या दोन तासांच्या आगगाडीत आम्ही फारसं बोललो नाही. खिडकीतून नेरेत्वा नदीचं हिरवंगार पाणी पाहत राहिलो.

मोस्तारचा पूल म्हणजे एकच उंच कमान, सुमारे एकोणतीस मीटरची. सिनानचा शिष्य हयरुद्दीन यानं ती १५६६ साली पुरी केली. दगड लोखंडी आकड्यांनी सांधून वर शिसं ओतलेलं, हे इंजिनिअरनं मला बोट लावून दाखवलं. चारशे सत्तावीस वर्षं ती उभी होती. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट तोफांनी ती पाडली. वीस मीटरहून अधिक उंचीवरून गावातली पोरं नदीत उड्या मारीत होती, आणि उडीआधी प्रवाशांकडून पैसे गोळा करीत होती.

"म्हणजे हा नवाच की," मी म्हणालो.

"दगड त्याच जातीचा, रीतही तीच. २००४ साली पुन्हा खुला केला. नाव अजून 'स्तारी मोस्त', जुना पूल." तो कठड्यावर हात ठेवून उभा राहिला. "अकरा वर्षं लागली. आमची सात झाली."

खालच्या दुकानातून त्यानं पुलाचं एक चित्रकार्ड घेतलं. मी लगबगीनं पेन काढलं. "थांब, मला मजकूर सुचलाय."

"तुझा मजकूर नको," तो म्हणाला, आणि स्वतः लिहायला बसला. 'इथला पुल पाहिला. लढाईत पडला होता. परत बांधलाय. जिन्याचं आल्यावर बघू.' पूल त्यानं ऱ्हस्व लिहिला होता. वीस वर्षांच्या नोकरीत मी प्रथमच एक चूक पाहून न पाहिल्यासारखी केली.

आम्ही घरी परतल्यावर बारा दिवसांनी ते कार्ड खालच्या मजल्यावर पोचलं. धाकटा ते घेऊन त्याच जिन्यानं वर आला आणि दारात उभा राहिला. सात वर्षांनी काय बोलावं ते त्यालाही सुचेना. अखेर म्हणाला,

"दादा, पूल दीर्घ असतो."