मुल्की की कोवळम? दोन किनारे, दोन ऋतू

फळीवर उभे राहून लाटेसोबत किनाऱ्याकडे येण्याचा सर्फिंग हा खेळ भारताच्या किनाऱ्यांवर आता चांगलाच रुजला आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली त्याचा प्रथमच समावेश झाला. सुट्टीत मुलांना हा खेळ शिकवावा, असा विचार महाराष्ट्रातील कुटुंबेही करू लागली आहेत. अशा वेळी दोन नावे हमखास पुढे येतात : कर्नाटकातील मुल्की आणि चेन्नईजवळचे कोवळम. केरळातील प्रसिद्ध कोवळम निराळे. हे तामिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावरील मच्छीमारांचे गाव. दोन्ही ठिकाणी शिकण्याची उत्तम सोय आहे. मात्र दोहोंचा स्वभाव अगदी भिन्न आहे.

मुल्की हे मंगळूरच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरवर, शांभवी नदीच्या काठी वसलेले गाव. कोकण रेल्वेवर त्याचे स्वतःचे स्थानक आहे. नारळीच्या बागा, संथ खाडी आणि पलीकडे अरबी समुद्र असा हा शांत परिसर. नवशिक्याला खाडीच्या स्थिर पाण्यात फळीवर पालथे पडून हाताने वल्हवण्याचा सराव आधी करता येतो. नदीमुखाशी साचलेल्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. त्यांच्याकडे जायचे ते नंतर. येथील सर्फिंगचा आरंभ २००४ च्या सुमारास एका वैष्णव आश्रमातून झाला. त्यामुळे साधना, शाकाहार आणि समुद्र यांचे येथे सहजच सख्य जुळले. मूळची मुंबईची आणि भारतातील पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखली जाणारी इशिता मालविया मणिपाल येथे शिकत असताना, २००७ मध्ये, याच आश्रमात प्रथम फळीवर उभी राहिली.

येथे येणाऱ्या जैन कुटुंबाला आणखी एक लाभ आहे. मूडबिद्रीची सहस्रस्तंभ बसदी आणि कार्कळची १४३२ साली प्रतिष्ठित झालेली भगवान बाहुबलींची एकाश्म मूर्ती मुल्कीहून साधारण तासाभराच्या अंतरावर आहेत. सकाळी समुद्र आणि दुपारनंतर दर्शन, असा दिवस सहज आखता येतो.

कोवळमचे चित्र वेगळे आहे. चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर हे गाव लागते. रस्त्यावर रहदारी, सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर गर्दी आणि वाळूत ओढून ठेवलेल्या मच्छीमारांच्या होड्या. ओंडके एकत्र बांधून केलेल्या ‘कट्टुमरम’वरून लाटा ओलांडणे हा या किनाऱ्यावरील पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, इंग्रजीतील ‘कॅटामरान’ हा शब्द याच तमिळ शब्दावरून आला. म्हणूनच सर्फिंग येथे परके वाटले नाही. मूर्ती मेगवन या मच्छीमार कुटुंबातील तरुणाने २०१२ मध्ये येथे सर्फिंगची शाळा उभी केली आणि गावातील अनेक मुले पुढे शिक्षक व स्पर्धक झाली. ज्यांच्या वडिलांनी समुद्रावर पोट भरले, तीच मुले आज शहरातील पाहुण्यांना समुद्र वाचायला शिकवतात. येथून जवळच असलेले महाबलीपुरमचे समुद्रकाठचे पल्लवकालीन मंदिर हेही या प्रवासाचे मोठे आकर्षण आहे.

मग निवड कशी करावी? पुष्कळजण खर्च, अंतर आणि छायाचित्रे पाहून ठरवतात. वास्तविक पहिला प्रश्न महिन्याचा असला पाहिजे. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम किनाऱ्यावर थेट आदळतात. तेव्हा मुल्कीचा समुद्र खवळलेला असतो आणि नवशिक्याने तेथे उतरणे जिवावर बेतू शकते. त्याच दिवसांत कोवळमला वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दक्षिणेकडून येणाऱ्या लाटांना रेखीव आकार देतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे चित्र उलटते. ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे पूर्व किनाऱ्याला झोडपतात, तर पश्चिमेचा समुद्र पाऊस ओसरल्यावर निवळू लागतो आणि तेथील लाटा लहान व सौम्य होतात.

आपल्या शाळांच्या सुट्ट्यांशी हा मेळ घातला की उत्तर बरेच सोपे होते. दिवाळीच्या सुट्टीत, विशेषतः लहान मुले सोबत असतील तर, मुल्की निवडावे. उन्हाळी सुट्टीच्या उत्तरार्धात, मे अखेर किंवा जूनच्या आरंभी, पश्चिमेकडे पावसाची चाहूल लागते. तेव्हा कोवळम बरे. मात्र मे महिन्यात तामिळनाडूत ‘अग्निनक्षत्रम’चा प्रखर उन्हाळा असतो. म्हणून पहाटे पाण्यात उतरून ऊन चढण्यापूर्वी परतण्याची तयारी हवी.

ऋतू योग्य निवडला तरी सावधगिरी सुटत नाही. मुल्कीच्या नदीमुखाशी ओहोटीच्या वेळी पाणी वेगाने समुद्राकडे ओढले जाते. कोवळमला काही भागांत पाण्याखाली खडक आहेत. पोहता येत नसल्यास ते शिक्षकास आधीच स्पष्ट सांगावे. फळी पायाला बांधणारी दोरी तपासून घ्यावी. ‘आज पाण्यात उतरू नका’ असे स्थानिक माणसाने सांगितले, तर प्रवासखर्चाचा हिशेब न करता त्याचे ऐकावे. चार दिवसांच्या सहलीतला एक दिवस वाया गेल्याचे मुलांना वाईट वाटेल. पण समुद्रापुढे थांबायचे केव्हा, हे त्याच दिवशी त्यांना कळेल आणि दोन्ही किनाऱ्यांवर तो धडा सारखाच उपयोगी पडेल.