गड आला, पण टायर गेला!

रविवार, पहाटे साडेपाच. पुणे ते सिंहगड, साधारण ३० किलोमीटर. माझ्या सायकलला २३ मिलिमीटरचे रेसिंग टायर. हलके, गुळगुळीत, एकदम सुसाट! खडकवासल्यापर्यंत ग्रुपमध्ये मीच पुढे. धरणापाशी चहा, फोटो, थोडा भाव खाणं... आणि डोणज्याच्या अलीकडे फुस्स! बाभळीचा काटा. होती ती एकुलती एक स्पेअर ट्यूब घातली. घाटाच्या पायथ्याशी पुन्हा फुस्स! काटा टायरमध्येच राहिला होता. मी आतून बोट फिरवून बघितलंच नव्हतं. ग्रुप गडावर पिठलं-भाकरी हाणत होता आणि मी सायकलसकट टेम्पोत.

आता टायर २८चे, आत पंक्चररोधक पट्टा असलेले. वजन थोडं जास्त, चढावर ते जाणवतं. पण टायर रुंद असल्याने हवा जरा कमी भरली तरी चालते, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर चाक उसळत नाही आणि वेगही फारसा पडत नाही. तुम्हीही घेणार असाल, तर ब्रेक आणि फ्रेममध्ये तेवढी जागा आहे ना, हे आधी तपासा.

परवा गडावर सगळ्यात शेवटी पोचले. पण पोचले! पिठलं अजून गरम होतं.