जेरुसलेममधील शनिवारचा चहा

कांहीं वर्षांपूर्वीं पौष महिन्यांत जेरुसलेम येथें आठ दिवस राहण्याचा योग आला. तेथील महने यहूदा बाजारांत शुक्रवारीं दुपारीं इतकी दाटी होते, कीं एखाद्या जत्रेचाच भास व्हावा. डाळिंबें, ऑलिव्ह, तिळाचा हलवा, ताजे पाव, सारें घाईघाईनें विकलें जात होतें. आणि तिन्हीसांजेच्या कितीतरी आधीं दुकानांचे पत्रे धडाधड खालीं येऊं लागले. "गुरुजी, पाय उचला. उद्यांचा चहा अजून व्हायचा आहे," माझा यजमान म्हणाला. उद्यांचा चहा आज! मला मौज वाटली.

हा यजमान माझा एके काळचा विद्यार्थी. अलिबागेकडील बेने इस्रायल. आपले पूर्वज गलबत फुटून नवगांवच्या किनाऱ्यास लागले, अशी त्यांच्यांत परंपरागत कथा आहे. तेलाच्या घाण्यावर उपजीविका करणारे हे लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून कोंकणांत त्यांस 'शनवार तेली' म्हणत. हा तरुणपणींच इकडे येऊन स्थायिक झाला; मराठी मात्र अजून चौलचीच आहे.

सूर्यास्तापूर्वीं चाळीस मिनिटें शहरांत भोंगा वाजला. त्याच्या पत्नीनें दिवे लावले आणि घरांतील अग्निकार्य संपलें.

बायबलांतील 'निर्गम' ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायांत, शब्बाथाच्या दिवशीं घरांत विस्तव पेटवूं नये, अशी आज्ञा आहे. पेटवूं नये म्हणजे पेटलेला असूंही नये काय? येथें दोन पक्ष झाले. जुन्या कराई पंथीयांनीं अक्षर धरलें, आणि अंधारांत बसून थंड अन्न खाल्लें. रब्बींनीं म्हटलें, आधीं पेटलेला विस्तव चालेल. मात्र रांधणें हें एकोणचाळीस निषिद्ध कर्मांपैकीं एक, तेव्हां नवें कांहीं शिजतां कामा नये. वाद इतका वाढला, कीं शनिवारीं ऊन अन्न टाळणाऱ्यावर पाखंडाचा संशय घ्यावा, असें बाराव्या शतकांतील जराह्या हलेवी या पंडितानें लिहून ठेविलें. आमच्या मीमांसकांस ही मंडळी भेटतीं, तर रात्र पुरली नसती!

मग शिजलें कशास म्हणावें? हात लागतांच मागें ओढला जावा, इतकी उष्णता आली कीं द्रव पदार्थ शिजला. आधुनिक रब्बींपैकीं कोणी ती ४३ अंश सेल्सिअस धरतात, कोणी ४५. विस्तवावरचें भांडें तें 'पहिलें भांडें'. दुसऱ्या भांड्यांत पाणी ओतलें, कीं त्याच्या थंड कडा उष्णता ओढून घेतात, म्हणून तें सामान्यतः शिजवीत नाहीं. ही उपपत्ति मध्ययुगांतील फ्रेंच टीकाकारांची. पण चहाची पूड नाजुक, चटकन् शिजणारी. ती दुसऱ्या भांड्यांतही चालत नाहीं, असें पुष्कळांचें मत. यास्तव चहाचा दाट अर्क शुक्रवारींच उकळून बरणींत भरावयाचा. पाण्याचें विजेचें पिंपही तेव्हांच उकळून ठेवावयाचें, आणि त्यांत पुढें नवें पाणी घालावयाचें नाहीं. कोरड्या पेल्यांत पाणी घ्यावें, तें दुसऱ्या पेल्यांत ओतावें, मग अर्क घालावा. पेला कोरडाच हवा. ओला असला तर त्यांतले चार थेंब शिजले ना!

पहांटे साडेचारला संवयीप्रमाणें जाग आली. थंडीनें दांतखिळी बसायची वेळ. रात्रीं यजमानानें सांगितलें होतें, "गुरुजी, हा नेम तुम्हांस नाहीं. स्वतःपुरता चहा करून घ्यावयास हरकत नाहीं. आमच्यासाठीं मात्र करूं नका. तो आम्हांस चालणार नाहीं." पिशवींत चहाची पूड होती, शेगडीची कळ हाताशीं होती.

तोंच चाळीसएक वर्षांपूर्वींची एक सोमवारची सकाळ आठवली. शनिवारीं सकाळची शाळा असे, आणि हा मुलगा शनिवारीं हटकून गैरहजर. कारण विचारलें तेव्हां म्हणाला, "शनवारीं आमच्यांत चूलसुद्धां पेटवीत नाहींत." "शाळा काय चुलीवर भरते?" असें म्हणून मीं वर्ग हंसविला, आणि त्याला तासभर बांकावर उभें केलें. माझी आई त्या काळीं सोंवळें नेसल्याखेरीज चुलीस शिवत नसे. तिला असा प्रश्न विचारण्याची माझी छाती नव्हती.

मीं पेला धुतला, मग आठवण होऊन पंचानें कोरडा केला. पिंपाची तोटी सोडली. पाणी दुसऱ्या पेल्यांत ओतलें. बरणींतला अर्क घातला. चहा कोमटच झाला. दूध घातल्यावर तर निवलाच.

उजाडतां यजमान आला. "दोन पेले कशाला लागले, गुरुजी?" म्हणतां म्हणतां तो थांबला. मीं त्या बांकाची गोष्ट काढली. माझी चूक झाली, असेंही म्हणालों. पन्नाशी उलटलेला तो गृहस्थ मुलासारखा हंसला. "उभें केलेंत तें सोमवारीं. शनवारीं बोलावणें धाडलें असतें, तर बाबांची पंचाईत होती." मला हंसूं आलें नाहीं. त्यानें स्वतःसाठीं पेला घेतला, कोरडा आहे ना तें पाहिलें, आणि समोर बसला.

दुपारीं प्रार्थनामंदिरांतून परत आल्यावर पानावर 'हमीन' वाढलें: घेवड्याचे दाणे, बटाटे व जव, शुक्रवारीं दिवसाउजेडीं शिजवून रात्रभर विजेच्या तव्यावर झांकून ठेविलेले. एरवीं त्यांत मांस असतें. माझ्यासाठीं निराळें पातेलें लाविलें होतें. रंग गडद तपकिरी, चव आमच्या उसळीहून गोडसर. पहिल्याच घासाला माझी जीभ चांगली पोळली.

"जपून, गुरुजी," तो म्हणाला, "पहिल्या भांड्यांतलें आहे."