अडीच फुटांची वाट

परदेशी जाऊन आलेल्या बाईला आपल्याकडे ठरलेले प्रश्न विचारतात. थंडी फार होती का, जेवणाचे हाल झाले का, आणि काय काय आणलंत! मी २०२४ साली इंग्लंडहून परत आले तेव्हा समोरच्या काकूंनी विचारलं, "राणीचा राजवाडा पाहिलात ना?" मी म्हटलं, "नाही हो काकू, वेळच झाला नाही. पण आगगाडी पाहिली." काकू पदर तोंडाला लावून हसल्या. सोलापूरच्या बाईनं आगगाडी पाहायला विलायतेला जायचं म्हणजे नवलच की! दिवसरात्र आमच्या गावावरून गाड्याच तर जात असतात.

पण त्या आगगाडीची गोष्ट मला तुम्हां मैत्रिणींना सांगायचीच आहे.

मी गेले होते धाकट्या नणंदेच्या बाळंतपणाला. ती बर्मिंगहॅमला असते. सासूबाईंचे गुडघे एवढ्या प्रवासाला तयार नव्हते, तेव्हा मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. डिंकाचे लाडू, शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा एक डबा घेऊन निघाले. निघायच्या आदल्या रात्री मामंजी माझ्या बॅगेशी येऊन उभे राहिले. ते सहसा काही मागत नाहीत. म्हणाले, "तिकडे अजून कोळशाची इंजिनं चालवतात म्हणे. जमलं तर एकदा बघून ये. आणि शिट्टी ऐकून ये."

मामंजी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुढच्याच वर्षी गावची कोरडी शेती सोडून ते तिथे चिकटले आणि नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एकाच गाडीची सेवा केली. ती गाडी म्हणजे बार्शी लाईट.

सोलापूर जिल्ह्याबाहेरच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. बार्शी ही मोठी बाजारपेठ, पण मुंबईचा लोहमार्ग तिला वगळून कुर्डुवाडीवरून गेलेला. त्या काळी कुर्डुवाडीच्या स्टेशनचं नावच 'बार्शी रोड' होतं. तिथून बार्शीपर्यंत २१ मैलांची छोटी गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं काढली. ती १८९७ साली सुरू झाली. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट! पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरची वाट झाली. कंपनीची ही गाडी १९५४ साली सरकारनं ताब्यात घेतली.

कॅलथ्रॉपची युक्ती मामंजींनी मला एकदा स्वयंपाकघरात बसून समजावली होती. जड हंडा एकटीनं उचलायला गेलं की कंबर धरते. तेच पाणी चौघींनी चार कळशांतून आणलं तर कुणालाच भार होत नाही. त्यानं इंजिनाचं आणि डब्यांचं वजन पुष्कळ चाकांवर सारखं वाटून दिलं. चाकांच्या एका जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा त्याचा नियम. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ टाकूनही भरपूर माल नेता आला. पुढे याच माणसानं विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट बनवलं. भार अलगद कसा उतरवायचा, हेच त्याच्या डोक्यात सतत घोळत असावं!

माझं आजोळ बार्शीचं. मे महिन्यात कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि या चिमुकल्या डब्यात बसायचं. माझ्या आठवणीत तिला डिझेलचं इंजिन होतं, पण चाल मात्र जुनीच. घरात कुणी रेंगाळलं की आजी म्हणायची, "आली बघा बार्शी लाईट!" आषाढीला मात्र तिच्यावर हसायची कुणाची छाती नव्हती. आत मुंगी शिरायला जागा नाही, टपावर वारकरी, आणि गाडी पंढरीच्या वाटेवर धापा टाकत चाललेली.

तर आता बर्मिंगहॅमला. बाळ अडीच महिन्यांचं झाल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, अण्णांनी तुम्हांला काम सांगितलंय ना? चला, आपण सगळेच जाऊ." श्रावण संपत आला होता आणि गणपतीला मला घरी पोचायचंच होतं. जावईबापूंनी शोधून काढलं की वेल्समध्ये वेल्शपूल नावाच्या गावी छोट्या गाडीचा वार्षिक उत्सव आहे. बाळाला दुपट्यात गुंडाळून, डबा बांधून आम्ही मोटारीनं निघालो.

स्टेशनवर पोचलो आणि मी रुळांकडे पाहतच राहिले. "किती रुंद आहे हो ही?" मी विचारलं. जावईबापू पाटी वाचून म्हणाले, "अडीच फूट." अगदी आमच्या बार्शीइतकी!

ही गाडी १९०३ साली सुरू झाली. शेतकऱ्यांची मेंढरं, कोळसा, धान्य न्यायची. मग मोटारी आल्या. १९३१ मध्ये उतारूंची ने-आण थांबली आणि १९५६ मध्ये मालगाडीही बंद पडली. आपल्याकडे असतं तसंच सगळं. फरक पुढे आहे. काही हौशी माणसं एकत्र आली, त्यांनी गवतात बुडालेली ती वाट साफ केली आणि १९६३ साली थोड्या अंतरावर का होईना, गाडी पुन्हा चालवली. वेल्शपूल गावात घरांच्या मधून जाणारा तुकडा मात्र गेला तो गेलाच. तरी आज साडेआठ मैल गाडी चालते. पहिली दोन इंजिनं, 'अर्ल' आणि 'काउंटेस', १९०२ साली मँचेस्टरला घडवलेली, अजून त्यांनी सांभाळून ठेवली आहेत.

डब्यांची तर मोठी गंमत. मूळचे डबे उरले नव्हते, म्हणून ऑस्ट्रियातून आणले, हंगेरीतून आणले, आफ्रिकेतल्या सिएरा लिओनची छोटी रेल्वे बंद पडली तेव्हा तिथूनही आणले. निरनिराळ्या घरच्या सुना एका घरात नांदाव्यात तसे ते एका गाडीला जोडलेले! आम्ही बसलो तो डबा ऑस्ट्रियाचा. दोन्ही टोकांना गॅलरी, आत लाकडी बाकं. सुरुवातीलाच अवघड चढ आहे, दर २९ फुटांना एक फूट. इंजिन असं धापा टाकायला लागलं की नणंदेनं माझा हात घट्ट धरला. कोळशाचा तो वास आला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. म्हणाली, "वहिनी, अण्णांच्या कपड्यांना हाच वास यायचा. आई सोड्यात भिजवून धुवायची, तरी जायचा नाही." बाळ मात्र मजेत झोपलं होतं. शिट्टी झाली तेव्हा दचकून जागं झालं, आणि मी ती शिट्टी फोनमध्ये भरून घेतली. त्यात बाळाचं रडणंही आलं आहे.

पण मला जे सांगायचं आहे ते इंजिनाबद्दल नाही, माणसांबद्दल आहे. तिथे तिकीट देणारी, झेंडा दाखवणारी, पितळ घासणारी बहुतेक माणसं बिनपगारी होती! स्वयंसेवक! तिकिटाच्या खिडकीत माझ्याच वयाची बाई होती. आठवडाभर शाळेत शिकवते आणि महिन्यातून दोन शनिवार इथे येते, म्हणाली. निळ्या डगल्यातल्या एक आजीबाई इंजिनाची दांडी चिंधीनं पुसत होत्या. आपण दसऱ्याला देवाची भांडी काढतो ना, अगदी तशा मनापासून. उपाहारगृहातही बायकाच. चहा घेताना मला वाटलं, बायकांच्या हाताला जे घासूनपुसून जपायचं वळण असतं, त्याची किंमत इथे दिसते.

फलाटावर एक म्हातारे गार्ड आम्हांला पाहून जवळ आले. कुठून आलात म्हणाले. सोलापूर म्हटलं तर त्यांना कळेना. मग मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, माझे सासरे बार्शीच्या छोट्या रेल्वेत होते. तशी ते एकदम थबकले. "बार्शी? कॅलथ्रॉपची बार्शी?" म्हणाले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. इंग्लंडातच स्टॅफर्डशायरमध्ये लीक आणि मॅनिफोल्डची रेल्वे कॅलथ्रॉपनंच बार्शीच्या अनुभवावरून बांधली होती, हे त्यांच्याकडून कळलं. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ लाच संपली. आता तिथे फिरायची पायवाट आहे. म्हणजे गुरू आमची बार्शी आणि शिष्या विलायतेची! आणि गुरू शिष्येपेक्षा कितीतरी वर्षं जास्त जगली.

त्या गार्डनं मग विचारलं, "तुमची गाडी कुठे ठेवली आहे?"

मी म्हटलं, "ती आता मोठी झाली."

हे उत्तर मी उगीच नाही दिलं. या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत बार्शी लाईटचे अडीच फुटी रूळ टप्प्याटप्प्यानं निघाले आणि तिथे ब्रॉड गेज आलं. तेव्हा पुष्कळांनी हळहळ केली. दार्जिलिंग, निलगिरी आणि सिमल्याच्या छोट्या गाड्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्याकडे नेरळ-माथेरानची १९०७ ची गाडी अजून मुलांची लाडकी आहे. पण त्या डोंगरातल्या, हौसेच्या. आमची गाडी माळरानातली, पोटासाठी धावणारी. तिच्या वाटेवरच्या माणसांची गरज मोठी होती.

ती किती मोठी होती हे २०१६ साली साऱ्यांना दिसलं. लातूरला प्यायला पाणी उरलं नाही आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका वेळी पंचवीस लाख लिटर नेऊ लागली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. वाट तीच, जुन्या छोट्या गाडीची! त्या दिवसांत मामंजी टीव्हीसमोरून हलत नव्हते. बहात्तरचा दुष्काळ भोगलेला माणूस तो. म्हणाले, "आमच्या गाडीनं एवढं पाणी ओढलं नसतं. रूळ बदलले ते बरं झालं." आणि जरा वेळानं हळूच, "पण आमची आठवण तरी कुणी ठेवावी."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस विसरले नव्हते. कारण इंग्लंडला निघायच्या आधीच आमच्या घराच्या रंगकामाचं ठरलं होतं, आणि माळ्यावरची एक पत्र्याची पेटी भंगारवाल्यासाठी दाराशी काढून ठेवली होती. यांचं म्हणणं, फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे? तेही खोटं नाही. मामंजी स्वतःच म्हणाले होते, "देऊन टाका. कुणाला काय त्याचं आता."

परत आल्यावर मी पहिल्या संध्याकाळी मामंजींना फोनमधली शिट्टी ऐकवली. तीनदा ऐकली त्यांनी. मग म्हणाले, "आमच्यापेक्षा आवाज बारीक आहे हिचा." त्या गार्डनं टोपी काढल्याचं सांगितलं तेव्हा काही बोलले नाहीत. उठून दाराशी गेले आणि पेटी उघडायला बसले. आत निघालं काय? एक जेवणाचा डबा, निळा सदरा, आणि तीन वह्या. प्रत्येक पानावर तारीख, इंजिनाचा नंबर, काय मोडलं, काय दुरुस्त केलं आणि सोबतीला कोण होतं. अक्षर मोत्यासारखं. माझा आठवीतला मुलगा, जो आजोबांशी जेवणापुरता बोलतो, तो त्या वह्यांपाशी रात्री अकरापर्यंत बसला. हेही वाचत बसले. डबा आणि सदरा कुठे ठेवायचा यावर अजून घरात एकमत नाही, पण वह्या भंगारात जाणार नाहीत, हे ठरलं.

इंजिनं जपायला पैसा लागतो, जागा लागते, सरकार लागतं. माणसांची हकीकत जपायला शंभर पानी वही पुरते. मी शाळेत मराठी शिकवते. त्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना निबंधाऐवजी एवढंच सांगितलं, की घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारा आणि ते बोलतील तसंच लिहून आणा. सोलापूरच ते! कुणाची आजी विडी कारखान्यात होती, कुणाचे आजोबा चादरीच्या मागावर. एका मुलीची पणजी बार्शी लाईटनं सासरी आली होती. वऱ्हाडानं डबाच भरला होता म्हणे.

तुम्हीही करून पाहा. दुपारची झाकपाक झाली की सासऱ्यांपाशी, आईपाशी अर्धा तास बसा. "तुमच्या वेळी कसं होतं?" असं मोघम विचारू नका, त्यावर "बरं होतं" एवढंच उत्तर मिळतं. "सकाळी किती वाजता निघायचात? डब्यात काय असायचं? पहिला पगार किती होता?" असं विचारा, म्हणजे बोलणं आपोआप सुरू होतं. लिहिताना वर तारीख घाला, माणसांची आणि गावांची नावं पुरी लिहा. जुने फोटो असतील तर मागे पेन्सिलीनं नावं टाका, शाईनं नको.

आमच्या तीन वह्यांपैकी पहिली मी स्वच्छ अक्षरात उतरवून काढली आहे. अवघड शब्द आला की मामंजींना विचारते, आणि ते चष्मा पुसून एकेका पुर्जाचं चित्र काढून दाखवतात. दुसरी वही मुलानं मागून घेतली आहे.