वॉबॅशच्या पुलापलीकडे

गतवर्षीं चिरंजीवांच्या आग्रहावरून मी अमेरिकेंत चार महिने राहून आलों. ज्याचें आयुष्य खेड्यापाड्यांतील शाळांतून संस्कृत शिकविण्यांत गेलें, त्यानें त्या देशाचें प्रवासवर्णन लिहूं जाणें धार्ष्ट्याचें होईल. आणि तशीं वर्णनें वाचून वाचकही आतां कंटाळले असतील. मला लिहावयाचें आहे तें रस्त्याच्या कडेच्या एका दगडाविषयीं.

चिरंजीव इंडियाना राज्यांत असतात. एके दिवशीं आम्ही सर्व मोटारीनें स्प्रिंगफील्ड येथें अब्राहाम लिंकन याचें घर व समाधि पाहण्यास निघालों. वाटेंत विन्सेन्स गांवाजवळ वॉबॅश नदीवर पूल आहे. तो ओलांडला कीं इलिनॉय राज्य लागतें आणि लागलीच हें स्मारक दिसतें. मागें रुंद दगडी भिंत. तिच्यावर बैलगाडी व बरोबर निघालेलीं माणसें कोरलेलीं आहेत. वर देवदूतासारखी एक आकृति. भिंतीच्या पुढें, सर्वांपासून सुटा असा एक तरुण चालतो आहे. तो मात्र ब्राँझचा. नेली वॉकर नांवाच्या शिल्पकर्त्रीचें हें काम असून १९३८ सालीं त्याचें उद्घाटन झालें.

१८३० च्या मार्च महिन्यांत लिंकन कुटुंब इंडियाना सोडून ह्या बाजूनें इलिनॉयमध्यें आलें. लहानथोर मिळून तेरा माणसें होतीं. अब्राहामास नुकतेंच एकविसावें वर्ष पुरें झालें होतें. त्या काळीं एकविसाव्या वर्षापर्यंत मुलाच्या मजुरीवर बापाचा हक्क असे. म्हणजे आतां तो मोकळा झाला होता. बापाशीं त्याचें फारसें जमतही नव्हतें. तरी तो बैल हांकीत बरोबर आला, डिकेटरजवळ सँगामन नदीकांठीं घर उभारूं लागला, शेताला कुंपण घातलें, आणि मग १८३१ सालीं आपल्या वाटेनें गेला.

घर सोडण्याचें एक कारण ऐकून आमच्या घरांतील मंडळींस नवल वाटलें. त्या भागांत दुधापासून होणारा एक रोग होता. रानांतील एक विषारी वनस्पति गाई खात, तें विष दुधांत उतरे, आणि दूध पिणारीं माणसें दगावत. गोरसास अमृत म्हणणार्‍या आपल्यासारख्यांना ही कल्पनाच सहन होत नाहीं! अब्राहामाची आई नॅन्सी १८१८ सालीं ह्याच रोगानें गेली. तो तेव्हां नऊ वर्षांचा होता. पुढें १८२८ त थोरली बहीण बाळंतपणांत गेली. त्या रोगाची भीति पुन्हा पसरली तेव्हां कुटुंब निघालें. आई व बहीण दोघी इंडियानाच्या मातींतच राहिल्या.

परंतु गाडीबरोबर आणखी एक आई होती. सेरा ही विधवा स्त्री तीन मुलें घेऊन १८१९ च्या डिसेंबरांत त्या घरांत आली. घराला फळ्यांची जमीनसुद्धां नव्हती. ती तिनें घालून घेतली. स्वतःस लिहितां येत नसतां तिनें चार पुस्तकें बरोबर आणलीं आणि सवतीच्या मुलाच्या वाचनास पाठबळ दिलें. संस्कृतांत पोसणारीला धात्री म्हणतात. पृथ्वीलाही तोच शब्द आहे.

आम्हीं कोंकणांतील घर सोडलें तें १९६९ सालीं. मी दहा वर्षांचा होतों. मोटारस्टँडापर्यंत बैलगाडी होती. माझी आई दोन वर्षांपूर्वीं वारली होती आणि घरांत आलेल्या दुसर्‍या आईला मी मावशी म्हणत असें. म्हणावयाला कोणी सांगितलें नव्हतें, मीच हट्टानें ठरविलें होतें. गाडींत जागा पुरेना. आजोबांच्या पोथ्यांची पेटी शेजार्‍यांकडे ठेवूं, असें वडील म्हणाले. मावशीनें कांहीं न बोलतां आपली लुगड्यांची ट्रंक खालीं उतरविली. ती ट्रंक पुन्हा कधीं आमच्याकडे आली नाहीं. त्याच पेटींतील रूपावली घेऊन मी ‘रामः रामौ रामाः’ घोकलें आणि त्यावर पुढें जन्मभर पोट भरलें.

१९९४ सालीं मावशी सांगलीस आजारी होती. मी विदर्भांत होतों. परीक्षा तोंडावर आल्या होत्या. त्या आटोपल्या कीं येतों असें लिहिलें आणि मनिऑर्डर पाठविली. मनिऑर्डर परत आली, तिच्या आधीं तार आली होती.

बाप मरणोन्मुख असतां लिंकननेंही सावत्र भावाला पत्रच धाडलें होतें, तो स्वतः गेला नाहीं; ही गोष्ट १८५१ ची. परंतु १८६१ च्या जानेवारीअखेर, राष्ट्राध्यक्षपद स्वीकारण्यास निघण्यापूर्वीं, डोक्यावर सार्‍या देशाचें ओझें असतां, तो थंडींतून प्रवास करून ह्या म्हातारीला भेटून आला. तीच त्यांची शेवटची भेट ठरली. ती त्याच्यामागें चार वर्षें जगली.

भिंतीपुढें उभे असतां नातवानें विचारलें, “आजोबा, त्याची आई होती का हो बरोबर?” सूनबाई त्याला समजावूं लागल्या कीं ती आधींच वारली होती. मी म्हटलें, “होती.” त्या माझ्याकडे पाहूं लागल्या. मुलानें मोटारीचें दार उघडलें. स्प्रिंगफील्ड अजून बरेंच दूर होतें.