मास्तरला रस्ता सांगा

वरातीत बँडने काय वाजवावं, असं कुणालाही विचारा. ठरलेली नावं येतात. 'सूरज' (1966) मधलं रफीसाहेबांचं बहारीचं गाणं, 'आदमी सड़क का' (1977) मधलं मित्राच्या लग्नाचं, 'नया दौर' (1957) मधलं वीर जवानांचं, 'नागिन' (1954) ची बीन. आणि 2016 पासून 'सैराट'चं 'झिंगाट'. या काळात हजारो गाणी आली आणि विसरली गेली. रस्त्यावर मात्र हीच का टिकली?

माझे मामू शहागंजात राहतात. चाळीस वर्षं त्यांनी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली, त्यातली शेवटची बरीच वर्षं मास्तर म्हणून. त्यांचं उत्तर साधं आहे. रस्त्यावरचं गाणं पहिल्या चार सुरांत ओळखू आलं पाहिजे. बँडच्या वाजवण्यात शब्द नसतात, ते ऐकणाऱ्याच्या तोंडात असावे लागतात. आणि ठेका असा हवा की ज्याला नाचता येत नाही त्याचेही खांदे हलले पाहिजेत.

'नया दौर'चं गाणं बघा. साहिरने लिहिलं ते देशाबद्दल. ओ. पी. नय्यर यांनी त्याला भांगड्याचा ठेका दिला आणि वरातींनी ते उचललं. 'नागिन'ची बीन तर मुळात पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती, सोबत हार्मोनियमवर रवी होते. पुढे याच रवींनी 'आदमी सड़क का'चं संगीत केलं. म्हणजे आपल्या वरातीतल्या दोन हुकमी गाण्यांत एकाच माणसाचा हात आहे.

पण मामूंच्या लेखी गाणं पाठ असणं ही अर्धीच विद्या. ते म्हणतात, "मियाँ, बाजा हात से नै, आँख से बजता."

शहागंजचा रस्ता म्हणजे या विद्येची परीक्षाच. घड्याळाचा टॉवर, चमन, हातगाड्यांची गर्दी, मशीद आणि पलीकडे लगेच राजाबाजार. अनंत चतुर्दशीला शहराची मुख्य विसर्जन मिरवणूक राजाबाजारातल्या संस्थान गणपतीपासूनच निघते. एरवीही इथून वराती जातात, जनाजेही जातात. मामू सांगतात, गल्ली अरुंद झाली की सरळ चालीची धून घ्यायची, म्हणजे लोक नाचायला थांबत नाहीत आणि मागची वाहनं अडत नाहीत. चौक आला की 'नागिन'. म्हाताऱ्या बाया ओट्यावर आल्या की रफी. एखाद्या घरासमोर मयतीची माणसं उभी दिसली की सगळं बंद.

आणि मशीद. मशिदीसमोर वाद्यं वाजवण्यावरून 1920च्या दशकात देशात ठिकठिकाणी दंगली झाल्या. मामूंच्या बँडमध्ये मुसलमान होते, हिंदूही होते. मशीद जवळ आली की ते क्लॅरिनेट ओठांवरून खाली घ्यायचे. उरायची ती ड्रमच्या कडेवर काठीची टकटक, पावलं चुकू नयेत एवढ्यापुरती. नवरदेवाकडच्यांना वाटायचं, मास्तर दम घेतोय. मशीद मागे पडली की 'सूरज' सुरू. यासाठी कधी बैठक घ्यावी लागली नाही की बंदोबस्त.

डीजे आला आणि हे सगळं बदललं. गाणी लॅपटॉपमध्ये, वाजवणारा गाडीवर, समोर बॉक्सची भिंत. त्याला रस्ता दिसतच नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद. 55 डेसिबल म्हणजे साधारण दोन माणसांच्या गप्पा. पण आवाजापेक्षा मला निवडीची काळजी वाटते. गेल्या काही वर्षांत मशिदीसमोर मुद्दाम थांबून डिवचणारी गाणी लावल्याच्या बातम्या अनेक ठिकाणांहून आल्या. गंमतीचं गाणं आणि डिवचण्याचं गाणं यांत फरक सुरांचा नसतो. ते कुणाकडे बघून वाजवलं, यात तो असतो.

बोट फक्त समोरच्याकडे दाखवून भागणार नाही. आपल्या बिरादरीतही मामूंना जागा उरलेली नाही. काही ठिकाणी, बाजा असेल तर निकाह पढवणार नाही, असं जाहीर झालं. मामेबहिणीच्या लग्नात मुलाकडच्यांनी आधीच कळवलं, बँड नको. ज्याने अर्ध्या शहराच्या वराती नाचवल्या, त्याच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात एक सूर वाजला नाही. मामू काही बोलले नाहीत. दिवसभर पाहुण्यांना पाणी देत फिरले. मुमानीने मात्र रात्री कपाटातली क्लॅरिनेटची पेटी काढली, पुसली आणि परत ठेवून दिली.

मी आलिम नाही. वाद्यांबद्दल उलेमांत मतभेद आहेत आणि निकाहचा एलान दफ वाजवून करण्याची हदीसही सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना बाजा नको, त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करतो. उधळपट्टी थांबावी, हा त्यांचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. पण ही रोजी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच माणसांची आहे. मेरठच्या जली कोठी भागात पितळी वाद्यं घडवणारे कारागीर बहुतेक मुसलमान, देशभरच्या बँडमध्ये ती फुंकणारेही बरेचसे मुसलमान. ज्या हातांनी दुसऱ्यांच्या आनंदात आपली जागा तयार केली, त्या हातांना आपण 'हलक्या कामाचे' म्हणत राहिलो. त्यांची मुलं आता रिक्षा चालवतात, मोबाइल दुरुस्त करतात. कामं चांगलीच आहेत. पण रस्ता वाचण्याची ती विद्या त्यांच्याकडे आलेली नाही.

कुणाच्याही घरी कार्य असो, हिंदू असो की मुसलमान, बाजा लावणारच असाल तर डीजेऐवजी एकदा बँडला सुपारी द्या. दहा-बारा माणसांच्या घरी चूल पेटेल. फक्त गाण्यांची यादी हातात घेऊन जाऊ नका. वरात कुठून निघणार, कोणत्या गल्लीतून जाणार, वाटेत दवाखाना आहे का, मशीद आहे का, देऊळ आहे का, एवढं मास्तरला सांगा. गाणी तो ठरवेल.